देवळालीचा ताप : प्रस्तावना

इंग्लंडात एखाद्याने भर पावसात छत्री धरून बागेला पाणी घातलं, किंवा धडधाकट कॉम्प्युटर कारण नसताना अडून बसला, की लोक हसून म्हणतात, हा 'डुलॅली' झाला. ही काही शिवी नाही. आपल्याकडे 'जरा सटकलाय', 'स्क्रू ढिला झालाय' असं ज्या सुरात म्हणतात, तोच हा सूर. आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेतो आहोत, याचा म्हणणाऱ्याला बहुधा पत्ता नसतो. सातासमुद्रापलीकडे आपलं गाव वेडाचं विशेषण होऊन बसलंय, हे देवळालीकरांनाही सहसा ठाऊक नसतं. मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या देवळालीला जात आली ती हवापालटासाठी. लॅम रोडच्या आसपास आरोग्यभवनं उभी राहिली आणि तिथली कोरडी हवा छातीच्या दुखण्याला चांगली, अशी ख्याती झाली. ज्या हवेत एकांची तब्येत सुधारत होती, त्याच हवेत दुसऱ्यांचं डोकं फिरत होतं म्हणायचं!

हा संग्रह अशा शब्दांचा आहे. ते मराठी मुलखात जन्मले किंवा इथे मुक्काम करून गेले, गोऱ्या शिपायांच्या आणि खलाशांच्या तोंडी वाकडेतिकडे झाले आणि इंग्रजीच्या गमतीच्या, बाजारी, चावट कोपऱ्यात जाऊन बसले. उलट वाटेने आलेले, म्हणजे इंग्रजीतून आपल्या टवाळीत शिरलेले काही शब्दही त्यांच्या सोबतीला घेतले आहेत. या सगळ्या पंगतीत 'डुलॅली'ला पहिलं पान वाढायचं कारण एवढंच, की गमतीच्या शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी आणि कशी शोधू नये, हे दोन्ही धडे त्याच्या एकट्याच्या हकिगतीत मिळतात.

१८६०च्या दशकात देवळालीला ब्रिटिश फौजेचा मुक्कामी तळ पडला. जागा हिशेबानेच निवडलेली होती. १८६५ साली रेल्वे थळघाट चढून इगतपुरीला पोचली. मुंबई बंदरात उतरलेली तुकडी आता झटपट घाटमाथ्यावर आणता येत होती आणि मायदेशी निघालेली तुकडी जहाज लागेपर्यंत तिथे थोपवून धरता येत होती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायत जवळ आली. पण सैन्याची जहाजं बारमाही नव्हती. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा टाळून, साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत ती चालत.

आता एखाद्या शिपायाची नोकरीची मुदत एप्रिलात संपली असं धरा. पलटणीतून त्याचं नाव कटलं, सोबती मागे राहिले, आणि घरी जायचं तर जहाज नाही. देवळालीच्या बराकीत सहा महिने पडून राहायचं. कवायत नावापुरती, काम जवळजवळ नाही. वैशाखाचं ऊन, मग नाशिकचा पाऊस. कँटीनमध्ये बियर, जवळच बाजार, आणि बाजारात मिळणारे सगळे रोग. डासांची कमतरता नव्हती आणि हिवतापाचीही. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी करून गेला. त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आठवणींचं पुस्तक १९३६ मध्ये निघालं. त्यात तो या थांबण्याचं वर्णन करतो. नोकरीभर कागद स्वच्छ राखलेली माणसं देवळालीत येऊन भलतंसलतं करून बसत, कोणी लष्करी तुरुंगात जाई, कोणी रोग लावून घेई, आणि कोणी वेड्यासारखं वागू लागला की बाकीचे म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. रिचर्ड्स कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस होता, भाषाशास्त्री नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. शब्दाची जात शोधण्यात त्याला रस नव्हता, तो फक्त सांगत होता की आम्ही असं म्हणायचो.

शब्दाचं पूर्ण रूप हे असं जोडनाव होतं. 'टॅप' म्हणजे ताप. देवळालीचा ताप! पुढे शेपूट गळून गेलं आणि नुसतं गावाचं नाव उरलं. शेपूट गळण्यामागेही एक गंमत आहे. इंग्रजीत 'टॅप' म्हणजे टिचकी, थाप. त्यामुळे नंतरच्या पिढ्यांना वाटलं की डोक्यावर कसली तरी थाप बसलेला तो 'टॅप'. एकदा अर्थ असा निसटला की शब्द ठेवला काय आणि टाकला काय, सारखंच. इथे मराठी अभिमानाला जरा आवर घालायला हवा. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो तेव्हा ही व्युत्पत्ती इतकी आपली वाटते की 'टॅप' मराठीतूनच गेला असं म्हणायचा मोह होतो. पण गोऱ्या शिपायाची कामचलाऊ भाषा हिंदुस्थानी होती. फारसीत 'तप' म्हणजे ज्वर, हिंदुस्थानीत तो होताच, आणि संस्कृत 'ताप' त्याचा दूरचा भाऊबंद. शिपायाने तो मेरठात उचलला की महूत, हे सांगता येणार नाही. गाव मराठी आहे, एवढं नक्की.

गावाच्या नावात देऊळ आहे आणि देऊळ हे संस्कृत 'देवकुल' या शब्दापासून झिजत आलेलं आहे. शेवटची 'आली' म्हणजे देवळांची आळी की 'पल्ली'चा अवशेष, यावर हौशी मंडळींनी खुशाल भांडावं. मला 'पल्ली' बरी वाटते, कारण वस्तीचा हा प्रत्यय झिजून ईकारान्त झालेली गावं महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत. आमच्या वर्धा जिल्ह्यातलं देवळी त्याच गोतावळ्यातलं असावं. गोऱ्या जिभेला 'ळ' येत नाही, तेव्हा दोन्ही जागी 'ल' आला. आघात दुसऱ्या अक्षरावर सरकला, आणि लकारांची अशी माळ तयार झाली की इंग्रजी कानाला ती अर्थाआधीच हसरी वाटते. महू, मेरठ, अंबाला इथेही शिपाई कंटाळले असतीलच. पण त्या नावांत हसण्याजोगं काही नव्हतं, म्हणून ती नकाशावरच राहिली.

देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून हा शब्द आला, अशीही एक हकिगत पुस्तकांतून फिरते. ती ऐकायला गोड आहे, पण तिची गरजच नाही. रिकामपण, ऊन, दारू आणि हिवताप एवढी सामग्री वेडाला पुरेशी होती, आणि शिपायांच्या स्वतःच्या सांगण्यात जोर आहे तो थांबण्यावर. शब्द जन्मला तो वाट पाहण्यातून. एखाद्या शब्दामागे साधी, रुक्ष, वेळापत्रकातली गोष्ट पुरेशी असताना लोक तिच्यावर इमारत चढवतात, हा या विषयातला नेहमीचा अनुभव आहे.

याच जहाजांच्या वाटेवरचा दुसरा शब्द पाहा. 'पॉश' आपण मराठीतही सर्रास वापरतो. पॉश फ्लॅट, पॉश एरिया. त्याची सर्वांना पाठ असलेली कुळकथा अशी, की मुंबईला येताना बोटीच्या डाव्या अंगाला आणि परतताना उजव्या अंगाला सावली असे, तिथल्या महागड्या खोल्यांच्या तिकिटांवर त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं छापत, आणि त्यांचा झाला 'पॉश'. कथा इतकी घाटदार आहे की खरी नसावी अशी शंका तिथेच यावी. तसं एकही तिकीट आजवर हाती आलेलं नाही. कथा छापून फिरू लागली ती १९३०च्या दशकात, आणि तोवर शब्द रुळून बरीच वर्षं झाली होती. जिप्सींच्या रोमानी भाषेत 'पॉश' म्हणजे अर्धा. तिथून तो चोरबाजारी इंग्रजीत पैशाच्या अर्थाने आला असावा, हा तर्क कमी देखणा पण जास्त संभवनीय. आद्याक्षरांतून शब्द सांगणाऱ्याला दारातच अडवावं, हा या संग्रहातला पहिला नियम आहे. नागपूरजवळच्या कामठीचं नाव 'कॅम्प टी' वरून पडलं, असं आमच्याकडे शाळेपासून ऐकवतात. पण कामठा, कामठी अशी नावं जिथे छावणीचा मागमूस नव्हता तिथेही आहेत. १८२१च्या छावणीवरून नाव पडलं असतं, तर त्या गावांची नावं कोणी ठेवली?

गमतीच्या शब्दाची व्युत्पत्ती धातूत सापडत नाही, मुक्कामात सापडते, हे या पुस्तकामागचं साधं म्हणणं आहे. कोण माणसं कुठे, किती दिवस, कशाची वाट पाहत बसली होती? त्यांची आपसातली भाषा कोणती होती? त्यांचे पाय पुढे कुठे वळले? या प्रश्नांची उत्तरं व्याकरणापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकात, छावणीच्या दप्तरात आणि शिपायांच्या पत्रांत अधिक मिळतात.

इंग्रजीत बाजारी शब्द गोळा करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्सिस ग्रोजने १७८५ मध्ये लंडनच्या गल्लीबोळांतल्या भाषेचा कोश काढला. विद्वत्ता बेताची, पण कान तिखट. हिंदुस्थानापुरतं बोलायचं तर १८८६चा हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा ग्रंथराज. त्याचं नावच एक नमुना आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी हॉब्सन आणि जॉब्सन या दोन अस्सल इंग्रजी आडनावांत बसवून टाकला. परका आवाज ओळखीच्या साच्यात कोंबायच्या या सवयीला भाषाशास्त्रात याच ग्रंथावरून नाव मिळालं. बर्नेल तर ग्रंथ छापून होण्याआधीच वारला. १९०३ मध्ये विल्यम क्रुकने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. ग्रंथ साहेबी थाटाचा आहे, खानसाम्याकडे वरून पाहणारा आहे, आणि तरीही हातातून सुटत नाही. 'बॉबरी' म्हणजे गोंधळ, आरडाओरडा. हा शब्द आपल्या 'बाप रे'पासून आला असं त्यात वाचलं, की माजघरातली बाई लंडनच्या क्लबात ओरडताना दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर दुसरं वळण आलं. लाखो साधे लोक खंदकांत एकत्र राहून परतले होते आणि त्यांची बोली विरून जाईल, ही धास्ती होती. १९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक आणि खलाशांच्या शब्दांचा संग्रह काढला, त्यात देवळालीचा ताप नोंदलेला आहे. १९३० मध्ये ब्रॉफी आणि पार्ट्रिज यांचं शिपायांच्या गाण्यांचं आणि बोलीचं पुस्तक आलं, १९३७ मध्ये पार्ट्रिजचा एकट्याचा मोठा कोश. पार्ट्रिज स्वतः खंदकात राहून आलेला, त्यामुळे शब्दाचा वास त्याला कळतो. पण तारखांच्या बाबतीत तो सैल आहे, अंदाजही ठासून सांगतो. याच्या उलट ऑक्सफर्डचा मोठा कोश. छापील पुरावा दाखवा, साल दाखवा, मग बोला! पण बराकीतला शब्द छापला जातो तो पंचवीस-तीस वर्षांनी, कधी मुळीच नाही. ऑक्सफर्डची शिस्त आणि पार्ट्रिजचं नाक, दोन्ही लागतं. एकट्यावर विसंबलेला संशोधक एकतर मुका राहतो नाहीतर थापाड्या होतो.

मराठीकडे वळलं की चित्र वेगळं दिसतं. विल्यम केरीने सेरामपूरला १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडीत छापलेला कोश काढला. त्याचे पंडित वैजनाथशास्त्री नागपूरचे, त्यामुळे आपल्या छापील कोशपरंपरेचा पाया नागपुरी कानावर रचला गेला, ही गोष्ट पुण्याकडे फारशी सांगितली जात नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. त्याने हलके आणि गावंढळ शब्द वगळले नाहीत, शेरा मारून घेतले. त्याचे आपण ऋणी आहोत. राजवाड्यांनी व्युत्पत्तीला संन्याशाची निष्ठा दिली, पण प्रत्येक शब्दामागे संस्कृत धातू उभा असलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट गमतीच्या शब्दांपाशी लंगडा पडतो. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० मध्ये मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला आणि ध्वनींचे नियम दाखवले. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६चा. विश्वनाथ खैरे तमिळचं बोट धरून दुसऱ्या टोकाला गेले. दाते-कर्व्यांच्या १९३२ ते १९३८ मधल्या महाराष्ट्र शब्दकोशात बाजारी शब्दांचा साठा सर्वांत मोठा आहे, आणि या संग्रहाचं पान त्याच्याशिवाय हललं नसतं. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५चा. त्यात आमच्या भागातल्या वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने आहेत. पण नमुन्यासाठी सगळ्यांना सांगायला लावली ती बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट. पश्चात्ताप झालेला मुलगा बापापुढे जी भाषा बोलेल ती आपल्याला मिळाली, उधळेपणा करताना तो जी बोलला असेल ती गेली.

हे पुस्तक सेवाग्रामात बसून का केलं, असं विचारतात. इथे छावणी नव्हती, गोरे शिपाई नव्हते. पण नावं कशी पडतात याचा अगदी उलटा नमुना इथे आहे. या गावाचं मूळ नाव सेगाव. गांधीजी १९३६च्या एप्रिलअखेरीस इथे राहायला आले आणि त्यांची टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. घोटाळा टाळायला १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम केलं गेलं. वर्धा पूर्व हे स्टेशनही पुढे सेवाग्राम झालं. म्हणजे इथे नामकरणाचं साल आहे, कारण आहे, करणारा आहे. 'डुलॅली'ला यातलं काहीच नाही. कोणा एकाने ठरवलं नाही, कुठे ठराव झाला नाही. तरी टपालखात्याचा गोंधळ काय किंवा जहाजखात्याचं वेळापत्रक काय, दोन्ही नावांच्या मुळाशी सरकारी कारभारच बसलाय.

दुसरं कारण अधिक खोडकर आहे. वेडेपणाच्या गमतीच्या शब्दांशी या गावाचं जुनं नातं. १९२९ साली 'यंग इंडिया'त गांधीजींनी स्वतःविषयी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की लोक मला क्रँक, फॅडिस्ट आणि वेडा म्हणतात, आणि जिथे जाईन तिथे असलीच मंडळी माझ्याभोवती जमतात, तेव्हा लौकिक खोटा नसावा. सेगावला आल्यावर ही जमवाजमव थांबली नाही, वाढली. 'क्रँक' म्हणजे मुळात यंत्र फिरवायचा वाकडा दांडा. पेटीचरख्याची मूठ त्याच जातीची. या पेटीचरख्याचं नाव 'येरवडा चक्र', कारण त्याची घडण येरवड्याच्या तुरुंगात झाली. त्याच तुरुंगातून १९३० मध्ये आश्रमाला व्रतांविषयी पत्रं लिहिताना गांधीजी स्थळ घालत 'येरवडा मंदिर'. आता पुण्यात कोणाला म्हणून पाहा, तुला येरवड्याला पाठवायला हवं. तो चरखा समजणार नाही आणि मंदिर तर नाहीच. येरवड्याचं मनोरुग्णालय समजेल, नाहीतर जेल. एकच गावनाव सेवाग्रामात सूत काढतं आणि पुण्यात वेड्यात काढतं! शिपायांनी देवळालीतल्या देवळाचा वेडेपणा केला, गांधीजींनी तुरुंगाचं देऊळ केलं. दोन्ही विनोदच, आणि दोन्ही अडकून पडलेल्या माणसांचे.

गावाच्या नावाने वेड सांगण्याची ही रीत जगभर आहे. लंडनच्या बेथलेहेम इस्पितळावरून इंग्रजीत 'बेडलम' आला, म्हणजे गदारोळ. हिंदीत आग्रा आणि रांची. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. ज्याला जे जवळचं, तो ते गाव टोमण्यात घेतो. मुंबईकराला ठाणं, पुणेकराला येरवडा. नागपूर मात्र या कामाला तितकं आलं नाही, आणि त्याचं कारण मला असं दिसतं की आमच्याकडे नुसता 'पागल' शब्दच सगळं काम करून जातो. 'पागल झाला का बे?' हे इथे रागाने, लाडाने, कौतुकाने, कसंही म्हणतात. त्याहून खास हवा असेल तर 'भैताड' आहे. हाच 'पागल' गोऱ्यांनीही उचलला होता. 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये तो 'पगल', 'पॉगल' अशा रूपांनी आहे. मूर्ख आणि त्याचा पैसा लवकर वेगळे होतात या म्हणीची कोणा मित्राने लॅटिन आणि हिंदुस्थानी कालवून केलेली खिचडीही संपादकांनी तिथे हौसेने नोंदवली आहे. स्कॉटलंडात थकून किंवा पिऊन गळाठलेल्याला 'पगल्ड' म्हणतात, तोही इथूनच गेला असावा असं मानतात.

उलट वाटेची प्रकरणं या संग्रहात कमी आहेत, पण ती लिहिताना सर्वांत मजा आली. पहाऱ्यावरचा देशी शिपाई रात्री ओरडायचा 'हुकुमदार!' हुकूम कसला आणि दार कसलं? मूळ इंग्रजी आव्हान होतं, 'हू कम्स देअर?' कोण येतंय? हॉब्सन-जॉब्सनचाच कायदा, फक्त कान आपला. 'डांबिस' हा 'डॅम बीस्ट'चा अवतार असं सांगतात. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, साहेबाच्या तोंडी ती शिवी असेही. तरी मी ही व्युत्पत्ती अर्ध्या मनाने घेतो, कारण ती फारच सोयीची आहे. 'घासलेट'चं 'गॅसलाइट'शी नातं मात्र पक्कं. त्यावरून हलक्या मालाला 'घासलेटी' म्हणू लागले, आणि १९२०च्या दशकाअखेर बनारसीदास चतुर्वेदींनी हिंदीत 'घासलेटी साहित्या'विरुद्ध मोहीम उघडली तेव्हा 'उग्र' या हिंदी लेखकाचं 'चाकलेट' हे पुस्तक गांधीजींपर्यंत जाऊन पोचलं. रॉकेलच्या डब्यातून निघालेला शब्द असा साहित्याच्या फडात उतरला. भारतीय दंडविधानाच्या कलमावरून आलेला 'चारसोबीस' सर्वांना माहीत आहे, म्हणून त्याला इथे एका ओळीतच आटोपलं आहे.

आज हे सगळं उकरायचं कशाला? एक कारण म्हणजे फोनवर रोज सकाळी येणाऱ्या व्युत्पत्त्या. सगळ्या जगाचे शब्द संस्कृतातून काढून दाखवणाऱ्या, किंवा आद्याक्षरांची भेंडोळी उलगडणाऱ्या. त्यांना उत्तर म्हणून हसून चालत नाही, रीत दाखवावी लागते. दुसरं कारण जरा अवघड आहे. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे. तिथे शिकणारी मुलं रुग्णाशी बोलताना शब्द तोलून वापरायला शिकतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर एकमेकांना 'मेंटल' आणि 'सायको' म्हणतात. त्यांना उपदेश करण्याचा माझा इरादा नाही. पण 'डुलॅली'च्या मागे खरोखर आजारी पडलेली, तुरुंगात गेलेली, घरी धड न पोचलेली माणसं होती, आणि त्यांना नाव ठेवणारे त्यांच्याच शेजारच्या खाटेवर तीच वाट पाहत होते. आपलीही पाळी येईल या भीतीवर ते हसणं उभं होतं. पुढे शब्द इंग्लंडात गेला, भीती देवळालीतच राहिली, आणि मागे उरला तो निव्वळ विनोद. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीने देवळालीच्या तळावर बेतलेली विनोदी मालिका दाखवली. तिचा एक लेखक जिमी पेरी दुसऱ्या महायुद्धात तिथल्या करमणूक पथकात होता. मालिका तुफान चालली. आज तिच्यातली हिंदी माणसांची थट्टा इंग्लंडातल्याच लोकांना खटकते. शब्दाचं वय वाढतं तसं त्यातलं कोण हसतंय आणि कोणावर, हे बदलत जातं.

शब्द घरीही परतला. २००९ मध्ये पुण्यात 'डुलॅली' याच नावाची बियर गाळणारी जागा निघाली, पुढे मुंबईतही तिच्या शाखा झाल्या. शिपायांना देवळालीत वेड लावण्यात बियरचा वाटा होता हे नाव ठेवणाऱ्यांना माहीत असेल, तर नाव चपखल आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे ती शाखा इकडे येण्याची शक्यता नाही.

आता संग्रहाविषयी थोडं. हा कोश नाही, अकारविल्हे शब्द लावलेले नाहीत. शब्द मुक्कामाप्रमाणे मांडले आहेत: छावणी, बंदर, बाजार, कचेरी, इस्पितळ. कारण मराठी 'मुंगूस' इंग्रजीत 'मंगूस' होऊन गेला तो बंदरातून, आणि 'डंगरी' ही जाडीभरडी विजार गेली ती डोंगरी कापडाच्या गाठोड्यातून. 'ब्लायटी' हा 'विलायती'चा अपभ्रंश पहिल्या महायुद्धाच्या खंदकात बहरला, घरी पाठवण्याइतपत झालेल्या जखमेलाही तेव्हा 'ब्लायटी' म्हणत. पण तो रुजला हिंदुस्थानच्या बराकीत, म्हणून त्याला छावणीत बसवलं. शिव्या वगळलेल्या नाहीत, फक्त जिथे व्युत्पत्तीत काही सांगण्यासारखं आहे तिथेच घेतल्या आहेत. नुसत्या चवीसाठी घेतलेली एकही नाही, हे काही वाचकांना निराश करील.

प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक खूण आहे. पुरावा हाती आहे, तर्क पटण्याजोगा आहे, किंवा नुसती आख्यायिका आहे. 'डुलॅली'ला पहिली, 'डांबिस'ला दुसरी, 'कॅम्प टी'ला तिसरी. खुणा लावताना सर्वांत जास्त भांडणं झाली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या सीमेवर, आणि हस्तलिखित छापायला जाईपर्यंत चार-पाच शब्द इकडून तिकडे सरकत राहिले. 'भैताड'ला कोणतीच खूण लागली नाही. त्याचं पान मुद्दाम अर्धं कोरं सोडलंय. वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडच्या एखाद्या आजीला काही वेगळं ठाऊक असेल, तर पुढच्या आवृत्तीत तिथे जागा आहे.

सेवाग्राम, जि. वर्धा